तान्ह्या बाळाची झोप

तान्ह्या बाळाची झोप म्हणजे जन्मापासून साधारण पहिल्या वर्षापर्यंतच्या बालकाची निद्रा होय. एकूण कालावधी, झोपेचे टप्पे आणि दिवस-रात्रीतील विभागणी या तिन्ही बाबतींत ती प्रौढांच्या झोपेपेक्षा वेगळी असते. पहिल्या काही महिन्यांत बाळ रात्री वारंवार जागे होते. हा सामान्यतः आजार नसून शरीराच्या आणि मेंदूच्या वाढीचा भाग असतो. बाळाच्या झोपेसंबंधीच्या आधुनिक वैद्यकीय सल्ल्यात सुरक्षिततेला पहिले स्थान दिले जाते. झोप सलग व्हावी यासाठीचे प्रयत्न त्यानंतर येतात. इतिहासात हा क्रम अनेकदा उलटा झाला आणि त्याचे परिणाम गंभीर ठरले.

झोपेचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाच्या डुलक्याही धरलेल्या आहेत. नवजात बाळ ही झोप एका वेळी दोन ते चार तासांच्या तुकड्यांत घेते आणि हे तुकडे दिवसरात्र जवळजवळ सारखेच विखुरलेले असतात. त्यामुळे बाळ पुरेसे झोपत असतानाही आईवडिलांची झोप मात्र अपुरी राहते.

नवजात बाळाच्या झोपेचे सक्रिय निद्रा आणि शांत निद्रा असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. सक्रिय निद्रेत बंद पापण्यांखाली बुबुळे हलतात, श्वास अनियमित होतो, हातपाय झटकले जातात, ओठ हलतात आणि बाळ मधूनच हसते किंवा कण्हते. शांत निद्रेत श्वास संथ व एकसारखा असतो आणि हालचाल अत्यल्प असते. सक्रिय निद्रा हे जलद नेत्रचलन निद्रेचे (आरईएम) बालरूप होय. शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या निद्रेचे वर्णन प्रसिद्ध केले. नवजात बाळाच्या झोपेचा सुमारे निम्मा भाग सक्रिय निद्रेचा असतो, तर प्रौढांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशापर्यंत खाली येते. मेंदूच्या जडणघडणीशी या निद्रेचा संबंध असावा, अशी मांडणी हॉवर्ड रॉफवर्ग, जोसेफ मुझिओ आणि विल्यम डिमेंट यांनी १९६६ मध्ये केली.

प्रौढांचे निद्राचक्र सुमारे ९० मिनिटांचे असते, तर नवजात बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे असते. प्रत्येक चक्राच्या अखेरीस झोप हलकी होते. त्यामुळे बाळाला जाग येण्याचे प्रसंग अधिक येतात. तसेच नवजात बाळ प्रथम सक्रिय निद्रेत आणि मग शांत निद्रेत शिरते. कुशीत नुकतेच झोपी गेलेले बाळ अंथरुणावर ठेवताच डोळे उघडते, याचे एक कारण हे आहे. याउलट सक्रिय निद्रेतील कण्हणे वा चुळबुळ म्हणजे जाग नव्हे. अशा वेळी बाळाला लगेच उचलल्यास झोपलेले बाळच जागे केले जाण्याचा संभव असतो.

दिवस-रात्रीची जाण

मानवी शरीरातील जैविक घड्याळाचे केंद्र मेंदूच्या अधश्चेतक भागात असते. ते प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्रीचा मेळ घालते. गर्भावस्थेत आईच्या रक्तातील मेलाटोनिन हे संप्रेरक वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. जन्मानंतर हा पुरवठा थांबतो आणि बाळाच्या शरीरातील मेलाटोनिनची स्वतंत्र लय साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या महिन्यात दिसू लागते. तोपर्यंत दिवसा झोपणे आणि रात्री जागणे ही बाळाची खोड किंवा आईच्या सवयींचा दोष नसतो.

आईच्या दुधातही मेलाटोनिन असते आणि त्याचे प्रमाण दिवसापेक्षा रात्री पुष्कळ अधिक असते. दूधनिर्मितीस कारण ठरणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळीही रात्री वाढते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचे स्तनपान दूध टिकवण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे मानले जाते.

रात्री जाग येण्याची कारणे

नवजात बाळाचे जठर लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. त्यामुळे बहुतेक स्तनपायी बाळांना चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागते. भुकेखेरीज ओले लंगोट, पोटातील वायू, अतिउष्णता, थंडी आणि स्पर्शाची गरज ही जागण्याची नेहमीची कारणे होत.

पहिल्या तीन महिन्यांतील रडण्याचा एक ठरावीक आलेख आढळतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि पुढे कमी होते. हे रडणे बहुधा संध्याकाळी होते. निरोगी बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक रडत असल्यास त्याला ‘कोलिक’ म्हणण्याची पद्धत मॉरिस वेसेल यांच्या १९५४ मधील लेखापासून रूढ झाली. असे रडणे न थांबल्याने वैतागून बाळाला जोराने हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. सहनशक्ती संपत आल्यास बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे बाजूला होणे किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या हाती देणे योग्य ठरते.

बाळ ‘रात्रभर कधी झोपू लागेल’ याचे एकच वय सांगता येत नाही. कॅनडातील मारी-एलेन पेनेस्ट्री आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळे सलग सहा तास झोपत नव्हती. बारा महिन्यांच्या वयात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. सलग न झोपणाऱ्या बाळांच्या मानसिक व शारीरिक विकासात किंवा त्यांच्या आयांच्या मनःस्थितीत या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही.

झोपेस साहाय्यक पद्धती

पहिल्या तीन महिन्यांत वेळापत्रक लादण्यापेक्षा दिवस व रात्र यांतील फरक बाळाच्या अनुभवास आणून देण्यावर भर दिला जातो. दिवसा बाळाला उजेडात ठेवणे, त्याच्याशी बोलणे-खेळणे आणि घरातील नेहमीचे आवाज चालू देणे उपयुक्त ठरते. रात्री दिवा मंद ठेवून, बोलणे टाळून, दूध पाजणे व लंगोट बदलणे एवढेच करून बाळाला पुन्हा निजवले जाते. रात्रीच्या प्रत्येक जागेस खेळाचे रूप दिल्यास ही विभागणी लांबते.

जांभई, डोळे चोळणे, नजर चुकवणे, मुठी आवळणे आणि किरकिर ही झोप आल्याची चिन्हे होत. ती दिसताच निजवलेले बाळ सहसा लवकर झोपते. ही वेळ टळून गेल्यास बाळ अतिश्रमाने अधिक रडते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध पाजणे, अंगाई म्हणणे असा ठरावीक क्रम रोज त्याच वेळी पाळल्यास त्याची सवय लागते. पेंगुळलेले पण पूर्ण न झोपलेले बाळ अंथरुणावर ठेवल्यास स्वतःहून झोपी जाण्याची संधी त्याला मिळते. प्रत्येक बाळाला हे लगेच जमत नाही आणि न जमल्यास त्यात काही गैर नाही.

रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन फिरण्याच्या जुन्या उपायाला जपानमधील रिकेन संस्थेच्या २०२२ मधील अभ्यासातून आधार मिळाला. सुमारे पाच मिनिटे न थांबता चालल्यावर रडणारी बाळे शांत होत आणि त्यांतील अनेक झोपी जात. झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे बाळाला घेऊन बसल्यास अंथरुणावर ठेवताना जाग येण्याचा संभव कमी होतो, असे या संशोधकांनी सुचवले.

दुपट्यात गुंडाळल्याने काही बाळे शांत होतात. मात्र नितंब व पाय हलण्याइतके दुपटे सैल असावे लागते, कारण पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. बाळ कुशीवर वळण्याची चिन्हे दिसू लागताच गुंडाळणे थांबवावे लागते.

सुरक्षित झोप

वरवर निरोगी असलेल्या एक वर्षाखालील बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होणे आणि सखोल तपासणीनंतरही कारण न सापडणे, याला आकस्मिक शिशुमृत्यू लक्षणसमूह (सिड्स) म्हणतात. ही संज्ञा १९६९ मध्ये प्रचारात आली. असे बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात. एका प्रमुख उपपत्तीनुसार काही बाळांच्या मस्तिष्कस्तंभातील दोषामुळे प्राणवायू कमी पडला तरी त्यांना वेळेवर जाग येत नाही. या दृष्टीने पाहता सहज जाग येणे हे बाळाचे संरक्षक कवच ठरते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेच्या २०२२ मधील शिफारशींतील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रत्येक झोपेच्या वेळी, दिवसाही, बाळाला उताणे म्हणजे पाठीवर निजवावे.
• अंथरूण घट्ट, सपाट आणि उतार नसलेले असावे.
• उशी, लोड, मऊ खेळणी, सैल गोधडी व पांघरूण बाळाजवळ ठेवू नये.
• किमान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे.
• बाळाला तंबाखूच्या धुरापासून दूर ठेवावे आणि अतिउष्णता टाळावी.
• शक्य तितके स्तनपान द्यावे. त्याने सिड्सचा धोका कमी होतो.

उताणे निजवल्यास उलटी श्वासनलिकेत जाईल, अशी भीती अनेक घरांत व्यक्त केली जाते. प्रत्यक्षात उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असल्याने बाहेर आलेले दूध श्वासनलिकेत जाण्यास गुरुत्वाकर्षणाचा अडथळा होतो. पालथ्या स्थितीत हा लाभ मिळत नाही. बाळ जागे असताना, कोणाच्या तरी देखरेखीखाली, त्याला थोडा वेळ पालथे ठेवल्याने मान व खांदे बळकट होतात आणि डोके एका बाजूने चपटे होणे टळते.

भारतात बाळाने आईच्या शेजारी झोपणे ही सर्वसाधारण रीत आहे. अनेक घरांत वेगळ्या अंथरुणाला जागाही नसते. एकत्र झोपण्यातील धोका सर्वत्र सारखा नसतो. शेजारची व्यक्ती धूम्रपान करत असल्यास, तिने मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असल्यास, बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असल्यास तो बराच वाढतो. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोपी जाणे विशेष घातक मानले जाते. दमलेल्या आईला दूध पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर केलेले सपाट अंथरूण कमी धोक्याचे असते.

इतिहास

बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत रूढ झाला. बेंजामिन स्पॉक यांच्या अत्यंत लोकप्रिय बालसंगोपनविषयक पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीतही तो होता. पालथे निजलेले बाळ गाढ झोपते व कमी दचकते, हे निरीक्षण चुकीचे नव्हते. मात्र त्या गाढ झोपेतच धोका होता. १९८७ मध्ये नेदरलँड्समध्ये पालथे निजवण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. १९९१ मध्ये न्यूझीलंड व ब्रिटन येथे आणि १९९४ मध्ये अमेरिकेत अशा मोहिमा निघाल्या. अमेरिकेतील सिड्सचे प्रमाण १९९० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १३० होते. २०२० मध्ये ते ४० च्या खाली आले. मृत्यूंच्या वर्गीकरणातील बदलांचाही या घटीत काही वाटा आहे. ब्रिटनमधील रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. १९७० पर्यंतच्या पुराव्याची वेळीच दखल घेतली गेली असती, तर ब्रिटनमधील १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियातील किमान ५०,००० बालमृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बाळाला औषधाने गुंगी आणण्याचा इतिहास याहून जुना आहे. इंग्लंडमध्ये अफूमिश्रित ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ आणि अमेरिकेत मॉर्फीन असलेले ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरले जात. अमेरिकेत १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने वेष्टणावर अशा घटकांचा उल्लेख सक्तीचा केला. मुंबईत अफूच्या ‘बाळागोळी’चा वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर होता. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या आईला बाळ सांभाळण्याची दुसरी सोय नसे. गोळी दिलेले बाळ तासन्‌तास निपचित पडून राही, त्याला भुकेची जाणीव होत नसे आणि मात्रा थोडी अधिक झाल्यास श्वास बंद पडून मृत्यू येई. या प्रथेमागे अज्ञानाइतकीच कामाची सक्ती होती. स्वतंत्र भारतातील १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात बाळंतपण माहेरी करण्याची आणि बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घेण्याची पद्धत आहे. या काळात आजी, मावशी किंवा आत्या बाळाची रात्रीची जबाबदारी वाटून घेत असल्याने आईला तुटक का होईना, झोप मिळते. बाराव्या दिवशी किंवा त्या सुमारास होणाऱ्या बारशात बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवतात. त्या वेळी गायल्या जाणाऱ्या गीतप्रकारालाही ‘पाळणा’ असेच म्हणतात. निजवताना गायल्या जाणाऱ्या अंगाईची संथ लय आणि त्याच ओळींची पुनरावृत्ती ही झोपेआधीच्या ठरावीक क्रमाचीच एक रीत होय.

काही प्रथांबाबत मात्र सावधगिरी सुचवली जाते. जुन्या साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. सपाट अंथरुणाचा निकष झोळीला लागू पडत नाही. डोक्याला गोल आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशी आणि घरात सदैव घातलेली कुंची किंवा टोपडे यांचाही पुनर्विचार करावा लागतो. बाळाच्या शरीरातील बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि ते झाकल्यास अतिउष्णतेचा धोका वाढतो. बंद खोलीत धुरी देण्याने श्वसनमार्गाला इजा होते, तर निखाऱ्यांच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बाळ व बाळंतीण दोघांसाठी प्राणघातक ठरू शकतो. डासांपासून संरक्षणासाठी नीट ताणून लावलेली मच्छरदाणी धुराच्या अगरबत्तीपेक्षा चांगली.

झोप लागावी म्हणून गुटीत जायफळाचे वेढे वाढवण्याची किंवा गुटी मधात चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधाची शिफारस करते. जायफळाची मात्रा अधिक झाल्यास विषबाधा होते. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधे झोपेसाठी देणेही धोक्याचे असते.

झोपेचे प्रशिक्षण

बाळाला स्वतःहून झोपी जाण्यास शिकवण्याच्या पद्धतींना झोपेचे प्रशिक्षण म्हणतात. अमेरिकन वैद्य रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे ठरावीक अंतराने बाळाची विचारपूस करत त्याला आपोआप झोपू देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत अशा सौम्य पद्धती वापरलेल्या कुटुंबांतील मुलांचा पाच वर्षांनंतर पाठपुरावा करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार मुलांच्या भावनिक आरोग्यावर किंवा आई-मुलाच्या नात्यावर दीर्घकालीन अपाय दिसला नाही. दीर्घकालीन लाभही दिसला नाही. अशा पद्धती साधारण सहा महिन्यांनंतरच्या बाळांसाठी आहेत. त्याआधी रडणाऱ्या बाळाला प्रतिसाद देण्याने ते ‘लाडावते’ असे मानण्यास आधार नाही.

आईचे आरोग्य

बाळाच्या झोपेची चर्चा आईच्या झोपेपासून वेगळी करता येत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उदास वाटणे व रडू येणे ही अनेक स्त्रियांमध्ये दिसणारी तात्पुरती अवस्था असते. उदासी त्याहून अधिक काळ टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप येईनाशी झाली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर ते प्रसूतिपश्चात मानसिक आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून कार्यरत आहे.

शहरातील किंवा परदेशातील विभक्त कुटुंबात आजी-मावशीची रात्रपाळी उपलब्ध नसते. अशा वेळी लंगोट बदलणे, ढेकर काढणे, फिरवून निजवणे ही कामे वडिलांनी ठरवून वाटून घेतल्यास आईला सलग चार-पाच तास झोपण्याची सोय होते. प्रसूतिलाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली, तरी असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रिया या लाभापासून दूर आहेत.

वैद्यकीय सल्ला

बाळ अधिक झोपते म्हणजे ते निरोगीच आहे, असे नव्हे. दुधासाठीही न उठणारे, ओढून पिणे थांबवलेले किंवा हातपाय ढिले सोडलेले बाळ तातडीने तपासावे लागते. काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असणे, अंग गार पडणे, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, छातीखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा आणि झटके येणे ही नवजात बाळातील धोक्याची चिन्हे होत. भारतात २०११ पासून राबवल्या जाणाऱ्या गृहआधारित नवजात शिशू सेवेअंतर्गत आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी भेट देऊन बाळाचे वजन व ही चिन्हे तपासते. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या अभय व राणी बंग यांनी केलेल्या कामातून या सेवेचा पाया घातला गेला.